घरात सगळ्यात जास्त वीज कोण खातं?

शपथ घेऊन सांगतो, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे, तेव्हा मी मावशीकडे बारशाला गेलो होतो. पण हजर असल्यासारखंच.

एका गावात एक भोळा गृहस्थ होता, नाव महिपती. घर आजोबांच्या वेळचं. वायरी लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या. बटणं काळी, गोल, आणि नेमकी दारामागं. सासरे, म्हणजे तात्या, राहायला यायचे होते आणि त्यांना अंधारात बटण सापडायचं नाही. म्हणून बायकोनं, शेवंतानं, बन्सी वायरमनकडून घरभर बिनवायरीचे सेन्सर बसवून घेतले. माणूस हलला की दिवा-पंखा सुरू, माणूस गेला की बंद. ओसरीवर टीव्हीसारखा एक छोटा पडदाही लावला. कुठल्या खोलीत किती वीज जळते, ते त्यावर पट्ट्यांनी दिसायचं.

शेवंता म्हणाली, "अहो, या खेपेला तात्यांना त्रास झाला ना, तर त्यांच्याबरोबर मीही माहेरी जाईन. परत यायची नाही."

महिपती घाबरला. बन्सीला म्हणाला, "मला नीट सांगून ठेव रे."

"सोपं आहे. माणूस नसेल तिथं दिवा जळता कामा नये."

महिपती घरभर फिरला. फ्रीज उघडला. आत दिवा, आणि माणूस कुणी नाही! दार लावलं, पुन्हा उघडलं. दिवा आहेच. त्यानं प्लग उपटला. तात्यांसाठी केलेली बासुंदी आंबली.

शेवंता कडाडली, "अहो, आत काही ठेवलेलं असलं की चालूच ठेवायचं!"

"असं होय! आता चुकायचो नाही."

तात्या आले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन थांबलं. महिपतीनं डोकावून पाहिलं. आत तात्यांचं धोतर ठेवलेलं. त्यानं मशीन चालू केलं. थांबलं की बघायचा, धोतर असायचंच. पुन्हा चालू. दिवेलागणीला धोतर निघालं ते पुरणयंत्राच्या जाळीसारखं.

"काम झालं की बाहेर काढून उन्हात घालायचं, एवढंही कळत नाही?"

"असं होय! आता चुकायचो नाही."

मग बन्सी आला. तात्यांच्या खोलीतला सेन्सर जरा तिरका झाला होता. तो सरळ करून शिडीवरून उतरताना म्हणाला, "झालं याचं काम."

तो फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच महिपतीनं सेन्सर काढून अंगणात दोरीवर वाळत घातला. झालं. दोरीवर कावळा बसला की तात्यांचा पंखा सुरू. कावळा उडाला की बंद. तात्या घाम पुसत खिडकीतून हाका मारायला लागले, "ये रे बाबा, बस जरा. पोळी देतो."

शेवंतानं कपाळावर हात मारला. "आता स्वतःचं डोकं लावायचं नाही. बन्सीला विचारायचं. तो सांगेल ते जसंच्या तसं करायचं."

सेन्सर परत जागेवर गेला. शेवंता गिरणीत गेली. महिपतीनं पडद्याकडं पाहिलं, तर तात्यांच्या खोलीची पट्टी सगळ्यात उंच. त्यानं बन्सीला फोन लावला.

"तिथं काय आहे, जुनं काही?" बन्सीनं विचारलं. त्याच्या डोक्यात होता जुना फ्रीज.

"फार जुनं."

"घरघर करतं?"

"दुपारी जेवण झालं की करतं."

"मग तेच वीज खातंय. तालुक्याच्या दुकानात एक्स्चेंजला देऊन टाका. गोधडीत गुंडाळा. टेम्पोत उभंच न्या, दोरी बांधून. आणि उतरवलं की तासभर सुरू करायचं नाही."

महिपतीनं तात्यांना गोधडीत गुंडाळलं. टेम्पोत उभं केलं. दोरी बांधली. तात्या ओरडले, "जावईबापू, हे काय?"

"तात्या, तालुका आला की तासभर सुरू व्हायचं नाही बरं."

दुकानदार म्हणाला, "काय आणलंय?"

"सासरे. जुने आहेत, पण चालू आहेत."

"आम्ही माणसं घेत नाही हो!"

"बघा तरी. एका हातचे वापरलेले आहेत."

एवढ्यात, शेजाऱ्यांकडून कळल्यावर, मागच्या एसटीनं शेवंता आली. तात्यांची दोरी सोडली आणि त्यांना घेऊन थेट माहेरची गाडी पकडली.

महिपती एकटाच घरी आला. ओसरीवर गेला, ओसरीची पट्टी वर. स्वयंपाकघरात गेला, तिथली पट्टी वर. तो निश्चल उभा राहिला. दिवा विझला, पट्टी खाली. कान खाजवला. पट्टी वर! त्याला लख्ख उमगलं. तात्या बिचारे निर्दोष होते.

सकाळी दुकानदार शटर उघडायला आला, तर खांबाला बांधून घेऊन महिपती उभा. गोधडीत गुंडाळलेला.

"अहो, तुम्ही?"

उत्तर नाही. तासभरानं तोंड उघडलं. "वीज खाणारा मीच निघालो. मला एक्स्चेंजला घ्या. पण बायको परत बोलवा."

दुकानदारानं शेवंताला फोन केला, "वहिनी, तुमचं काहीतरी आमच्याकडं राहिलंय."

शेवंता आली. गोधडीतला नवरा बघून तिला हसू आवरेना. दोरी सोडत म्हणाली, "चला घरी."

आता शपथ घेतलीच आहे तर सांगतो. ती लगेच तसं म्हणाली, एवढं एक मी पदरचं घातलं. ती "चला घरी" म्हणाली, पण नंतर. आधी दुकानदाराकडं वळून तिनं विचारलं, "यांच्या बदल्यात काय देताय?"