पाचवे कणीस

एकदा एक विद्वान तरुण राजाज्ञेने खेड्यात आला. राज्याच्या शेतीचे धोरण लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. पण त्याआधी एका वृद्ध शेतकऱ्याजवळ वर्षभर राहून शीक, असे राजाने बजावले होते. तरुणाला ती शिक्षाच वाटली. धोरण त्याच्या डोक्यात कधीच तयार होते. राज्यातले उत्तम बियाणे राजधानीच्या एकाच भक्कम कोठारात ठेवायचे आणि दरसाल तिथून वाटायचे!

वृद्धाची ज्वारी पंचक्रोशीत नावाजलेली होती. दाणा टपोरा, पाणी कमी लागे. माघात कापणी झाली, तेव्हा त्याने सर्वांत भरदार कणसे निवडून पाच-पाचच्या जुड्या बांधल्या आणि टोपली शिष्याच्या डोक्यावर दिली.

"जा, घरोघरी वानवळा देऊन ये."

नव्या पिकातले पहिले आणि चांगले ते शेजाऱ्यांना द्यायचे, तोच वानवळा. शिष्याचा जीव तुटला.

"बाबा, निदान बारकी तरी द्या! ही बियाण्याला ठेवायची."

"बियाण्यालाच ठेवतोय की," म्हातारा म्हणाला आणि उरलेली कणसे झोडपायला बसला.

टोपली रिकामी करून आल्यावर शिष्याने रागारागाने धोरणात कलम लिहिले, 'वानवळ्याची प्रथा बंद करावी. तिच्यामुळे उत्तम बी लोकांच्या पोटात जाते.' वृद्धाला वाचूनही दाखवले.

"अक्षर छान आहे तुझं," म्हातारा म्हणाला.

पुढे त्याने बियाण्याचे मडके शिष्याच्या हवाली केले. मडक्यात राख आणि वाळका कडुनिंब पाहून शिष्याला शिसारी आली. विद्वानाला टापटिपीचा उत्साह फार! त्याने सगळे उकिरड्यावर फेकले, मडके लख्ख धुतले आणि त्यात निवडलेले बी भरून ठेवले.

भाद्रपद सरला, पेरणी तोंडावर आली. शिष्याने मडके उघडले, तर आत किडे वळवळत होते आणि दाण्यांचे पीठ झाले होते.

"बाबा, तुमचं पिढ्यांचं बी मी बुडवलं," तो रडू लागला.

वृद्धाने रिकामे सूप त्याच्या हाती दिले. "वानवळा दिलास त्या घरी जा. म्हणावं, बाबांनी पाचवं कणीस मागितलंय."

खाली मान घालून तो पहिल्या दारात उभा राहिला. घरच्या बाईने कारणही विचारले नाही. चुलीवरच्या आढ्याला टांगलेले, धुराने काळवंडलेले कणीस तिने काढून दिले.

"चार खायची, पाचवं टांगायचं, अशी रीतच आहे आमची. आमचं बी पुरात गेलं, तेव्हा बाबांच्या आढ्याचं नेलं होतं."

एका घरचे कणीस उंदरांनी खाल्ले होते. दुसरीकडे नव्या सुनेने पाचही रांधून टाकली होती. बिचारी लाजून चूर झाली. तरीही परतताना सूप भरून ओसंडत होते.

"लेका," वृद्ध म्हणाला, "कोठार एकच असलं की त्याला बुडवायला तुझ्यासारखा टापटिपीचा एकच माणूस पुरतो. माझं बी मी गावाच्या स्वाधीन करतो. गाव खातं, आणि खाता खाता राखतं. वानवळा थांबवलास, तर मडकं फुटेल त्या साली कुणाच्या दारात जाशील?"

शिष्याने त्याचे पाय धरले. तेवढ्यानेही त्याचे मन भरेना. इतके मोठे शहाणपण या माणसाने किती साधेपणाने सांभाळले होते!

पुढच्या माघात तो राजसभेत उभा राहिला. राजाने धोरण वाचले आणि विचारले, "यात कोठार कुठेच दिसत नाही. ते कुठे बांधायचे?"

"महाराज, ते बांधलेलेच आहे. आपण कधी मान वर करून पाहिले नाही."

असे म्हणून त्याने उपरण्यातून पाच कणसांची जुडी काढली आणि राजापुढे धरली.

"हा बाबांनी धाडलेला वानवळा. चार खावीत, महाराज. पाचवे मुदपाकखान्याच्या आढ्याला टांगावे. कुणी मागायला आले, तर कारण विचारू नये."