चपलांचा ढीग

एकदा एका गावात एक मंडळ होते. मंडळे कुठल्या गावात नसतात म्हणा, पण हे जरा निराळे होते. याला ना उत्सव करायचा होता, ना मिरवणूक काढायची होती. नगरपरिषदेने लोकांचा पैसा विचारपूर्वक खर्च करावा, ऐपतीपलीकडे कर्ज काढू नये आणि काढलेच तर लोकांना त्याचा जाब द्यावा, यासाठी आवाज उठवायचा, एवढेच याचे काम. असे काम करणाऱ्यांना गावात मान मिळतो, पण लग्नाकार्यात पुढाऱ्यांच्या पंगतीला कुणी बसवत नाही.

मंडळ उभे केले होते एका वृद्ध गुरुजींनी. वय झाले तसा त्यांनी सारा कारभार आपल्या एका शिष्याकडे सोपवला. शिष्य अभ्यासू, वाणी स्वच्छ, आणि प्रामाणिकपणाविषयी तर शंकाच नको. दोष म्हणावा तर इतकाच, की समोरच्याचे वाक्य संपायच्या आत याचे उत्तर तयार असे. गुरुजी त्याला ‘चिटणीस’ म्हणत. पद खरेच होते, पण म्हणताना ते किंचित हसत.

त्या वर्षी नगरपरिषदेने तलावाकाठी रंगीबेरंगी कारंजे उभारायचे ठरवले, आणि तेही कर्ज काढून. गावाची पाण्याची टाकी गळत होती, खालच्या आळीला दिवसातून जेमतेम तासभर पाणी मिळत होते, आणि वर नाचणारे पाणी बघायला लोकांनी तलावावर जावे अशी ही योजना. कर्ज फिटणार होते पाणीपट्टी वाढवून. लोकांचे म्हणणे ऐकायला एक सुनावणी झाली. तिला मंडळाचे जवळपास कुणीच आले नाही. आता दुसरी आणि शेवटची सुनावणी तोंडावर आली होती. तिथेही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर लोकांना योजना मान्य आहे असे समजून कर्जावर शिक्का बसणार होता.

शिष्य अस्वस्थ झाला. सभासद का येत नाहीत, हे सभासदांनाच विचारावे असे त्याने ठरवले, आणि हा विचार चांगलाच होता. वाचनालयाच्या दालनात मंडळाची सभा भरे. तिथे भाषण संपल्यावर त्याने विचारले, “आपल्या कार्याविषयी कुणाला काही सांगायचे आहे का?” कुणी छताकडे पाहिले, कुणी पंख्याकडे. मग त्याने मत लिहून देण्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या. बहुतेकांनी लिहिले, ‘कार्य स्तुत्य आहे.’ एकाने लिहिले, ‘पंखा आवाज करतो.’

चिठ्ठ्या घेऊन तो गुरुजींकडे गेला.

“गुरुजी, मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात उत्तम चाललंय. आणि असं म्हणून सगळे घरी बसतात. यांना काही पडलेलंच नाही. सुनावणी झाली की मी हे काम सोडतो. कुणासाठी करायचं?”

गुरुजींनी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. “पुढची सभा कधी आहे?” त्यांनी विचारले.

“गुरुवारी.”

“मी येतो.”

गुरुवारी गुरुजी आले. शिष्याने त्यांच्यासाठी पुढे खुर्ची मांडून ठेवली होती. ते आत आलेच नाहीत. बाहेर व्हरांड्यात, जिथे लोक चपला काढून ठेवतात, तिथे भिंतीला टेकून बसले. शिष्य दोनदा बोलवायला गेला. “इथे वारा बरा आहे,” असे म्हणून त्यांनी त्याला परत पाठवले.

भाषण रंगात आले असताना शिष्याची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. गुरुजी उठले होते. ज्यांच्या पायाला सारा गाव हात लावी, ते वाकून लोकांच्या चपला उचलत होते आणि व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात टाकत होते. जोडीने लावलेल्या, कडेला सरकवलेल्या, पायरीखाली जपून ठेवलेल्या, सगळ्या चपलांचा त्यांनी एक ढीग केला. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. भाजी परतावी तसा त्यांनी तो ढीग हातातल्या काठीने वरखाली केला. शिष्याच्या भाषणाचा धागा तुटला. म्हातारपणाने गुरुजींचे काही बिघडले तर नाही ना, अशीही शंका त्याला चाटून गेली, आणि सभा त्याने घाईघाईने आटोपली.

लोक बाहेर आले आणि ढिगासमोर खोळंबले.

“अगं बाई, हे काय?” खालच्या आळीतल्या द्वारकाबाई पदर खोचून ढिगात हात घालीत म्हणाल्या. “आधीच उशीर झालाय. नळाला पाणी सातला येतं, आठला जातं. आणि यांची सभा बरोबर सातला. मी इथं बसून पाण्यावरचं भाषण ऐकते आणि घरी हंडा कोरडा.”

“कशी होती चप्पल?” गुरुजींनी विचारले.

“निळ्या पट्ट्याची. या वेळेपायीच तर आमच्या आळीतली एकही बाई येत नाही इथं. मीच आपली येते, गुरुजींनी काढलेलं मंडळ म्हणून.”

गुरुजींनी निळ्या पट्ट्याची चप्पल शोधून त्यांच्यापुढे ठेवली. शेजारी एक शाळामास्तर गुडघ्यावर बसून शोधत होते. बाईंचे ऐकून त्यांनाही बोलावेसे वाटले.

“माझी मुलगी मला विचारते, बाबा, तुमचं मंडळ कशाच्या विरुद्ध आहे? ते मला घडाघडा सांगता येतं. मग ती विचारते, तुम्हाला हवं काय आहे? तिथं माझी गाडी अडते. दर सभेला आपलं नको, नको आणि नको. काय हवं ते कधी बोलणार?”

ही सगळी माणसे पाच मिनिटांपूर्वी आत बसून पंख्याकडे पाहत होती. आता एकाचे बोलणे दुसरा उचलून धरत होता, कुणी हसत होते, कुणी चिडले होते, आणि चप्पल सापडली तरी कुणी निघत नव्हते. दाराच्या आत उभा राहून शिष्य हे ऐकत होता.

गर्दी थोडी पांगल्यावर गिरमेशेठ पुढे आले. त्यांचे बाजारात कापडाचे दुकान होते आणि मंडळाला सर्वांत जुनी वर्गणी त्यांचीच. एक चप्पल त्यांना मिळाली होती, दुसरीसाठी ते भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे होते. त्यांनी आवाज खाली आणला.

“गुरुजी, तुम्हाला म्हणून सांगतो. नगरपरिषदेला दिलेल्या मागच्या निवेदनाखाली माझं नाव छापलं. मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेची माणसं दुकानाची पाटी मोजायला आली, तेव्हा मला कळलं मी कशावर सही केलीय ते. भीतीचं म्हणत नाही मी. विचारलं असतं तर आनंदानं सही दिली असती.”

शिष्याच्या तोंडाशी उत्तर आलेच. तो पुढे होऊन म्हणाला, “पण शेठ, तेव्हा वेळच इतका...”

गुरुजींनी मागे न पाहता एक चप्पल उचलली आणि त्याच्या हातात दिली. “ही कुणाची आहे बघ.”

शिष्याचे वाक्य अर्धेच राहिले. त्याने चपलेकडे पाहिले, मग शेठजींच्या उघड्या पायाकडे पाहिले, आणि वाकून ती त्यांच्यापुढे ठेवली. शेठजी क्षणभर घुटमळले. मग मान हलवून निघून गेले.

सगळे गेल्यावर व्हरांड्यात फक्त दोन जोड उरले, गुरुशिष्यांचे.

“गुरुजी, हे काय केलंत? आणि तेही स्वतःच्या हातांनी?”

गुरुजी पायरीवर बसले. “चिटणीस, तू लोकांना विचारलंस ते योग्यच केलंस. पण विचारलंस कुठं? तू खुर्चीवर, ते सतरंजीवर. तिथं माणूस पाहुणा असतो. पाहुण्याला विचारलं, भाजी कशी झाली, तर तो छानच म्हणणार. तोच माणूस चपला घालायला लागला की मनानं आपल्या घरी पोचलेला असतो आणि घरच्यासारखं बोलतो. मी काही केलं नाही. त्यांना निघायला जरा उशीर केला, एवढंच.”

“आणि ते इतकं बोलले?”

“कारण मी उत्तर दिलं नाही. द्वारकाबाईंना मी सातच्या सभेचं कारण समजावलं असतं, तर मास्तर चप्पल घालून गप निघून गेले असते. ऐकणाऱ्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले बरे असतात.” गुरुजींनी काठी बाजूला ठेवली. “आणखी एक. आपण नगरपरिषदेला काय सांगतो? पैसा लोकांचा आहे, तो त्यांना विचारून खर्च करा. आपल्या मंडळाजवळ पैसा कुठला? आपल्याजवळ आहे ती लोकांची संध्याकाळ, आणि लोकांचं नाव. या ठेवी आपण कुणाला विचारून खर्च केल्या?”

शिष्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली. पण खरे सांगायचे तर तेवढेच बरेही वाटले. ज्यांना काही पडलेले नाही असे तो समजून चालला होता, ती माणसे हातात चप्पल धरून इतका वेळ उभी राहिली होती. काम सोडण्याची भाषा त्याने पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गिरमेशेठच्या दुकानात गेला. शेठ गिऱ्हाइकाला खण दाखवत होते, त्यांनी त्याला बराच वेळ उभे ठेवले. शिष्य उभा राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, “शेठ, तुमचं नाव विचारल्याशिवाय छापलं, ते चुकलं माझं. नव्या निवेदनाचा मसुदा आणलाय. यात नाव कुणाचंच नाही. वाचा, आणि पटलं नाही तर काय बदलायचं ते सांगा.”

बोलायला कारणे त्याच्याजवळ पुष्कळ होती, पण तो तेवढ्यावरच थांबला. शेठजींनी चष्मा लावून मसुदा वाचला.

“पहिलंच वाक्य काढा,” ते म्हणाले. “‘कारंजे नको’ म्हटलं की लोकांना वाटतं, यांना कुणी हसलेलं खपत नाही. असं लिहा, आधी टाकी दुरुस्त करा. ती आहे त्या पैशात होते. कारंजं मागून करा, कर्ज न काढता जमेल तेव्हा. आमचीही नातवंडं बघतील.”

शिष्याने तिथेच उभ्या उभ्या वाक्य बदलले. शेठजींनी सही केली आणि कागद परत दिलाच नाही. “राहू द्या माझ्याकडे. दुपारून बाजारात फिरवतो,” असे म्हणून त्यांनी तो गल्ल्याखाली सरकवला.

पुढची सभा आठ वाजून गेल्यावर, पाणी भरून झाल्यावर भरली. द्वारकाबाई एकट्या आल्या नाहीत. शिष्याचे भाषण चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच संपले, आणि सतरंजी त्याने आत न घालता व्हरांड्यातच घातली. मास्तरांनी टाकीच्या दुरुस्तीचा अंदाज कसा काढायचा यावर शेठजींशी वाद घातला. वाद मिटला नाही, पण दोघेही पुढच्या वेळी आपापले कागद घेऊन यायचे कबूल करून गेले.

सुनावणीच्या दिवशी नगरपरिषदेचे सभागृह भरून गेले. खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. द्वारकाबाई बोलल्या, मास्तर बोलले, शेठजी तर ठरलेले नसताना बोलले. शिष्य सगळ्यांत कमी बोलला. नगराध्यक्ष चेहऱ्यावरची रेघही न हलवता ऐकत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, “नोंद घेतली आहे.” लोक थोडे हिरमुसले होऊन बाहेर पडले.

दाराशी एवढ्या माणसांच्या चपला होत्या, की त्या दिवशी ढीग कुणाला करावा लागला नाही. नगराध्यक्ष शेवटी बाहेर आले. पायात नुसते मोजे, आणि ते इकडेतिकडे आपले बूट पाहत होते. शिष्य पुढे झाला. काळा बूट त्याला लवकरच सापडला, तो त्याने त्यांच्यापुढे ठेवला. ते बूट घालायला वाकले, आणि वाकलेले असतानाच हळू आवाजात बोलू लागले.

“खरं सांगू का? कारंजं मलाही फारसं पटलं नव्हतं. पण मागच्या सुनावणीला चिटपाखरू आलं नाही. मी एकटा कुणाच्या जोरावर नाही म्हणणार होतो?”

शिष्याजवळ याला उत्तर होते, आणि चांगले सणसणीत होते. त्याने ते गिळले. “दुसरा शोधतो,” एवढे म्हणून तो खाली बसला आणि चपला बाजूला सारू लागला.

“त्या टाकीचं तुम्ही मांडलेलं गणित उद्या कचेरीत घेऊन या,” नगराध्यक्ष म्हणाले. “त्या बाईंनाही आणा. आमच्या अभियंत्याला त्यांनी सांगितलेलं ऐकू द्या. कर्जाचा विषय पुढच्या बैठकीत मीच मागे घेतो. नंतर कारंज्याचं बघू, तुमच्या शेठजींच्या नातवंडांसाठी.”

गुरुजी पायरीवर उभे राहून पाहत होते. दुसरा बूट पहिल्यापासून शिष्याच्या टाचेमागेच होता. नगराध्यक्षांचे बोलणे पुरते संपल्यावर तो त्याला सापडला.

नगराध्यक्ष गेले. गुरुजींनी आपल्या चपला पायात घातल्या आणि काठी उचलली.

“चला, चिटणीस,” ते म्हणाले. या वेळी म्हणताना ते हसले नाहीत.