मिटल्या डोळ्यांची राखण

फार जुनी गोष्ट आहे, राजे-कोतवालांच्या काळातली. लहानांनी ऐकावी, थोरांनी मनात ठेवावी.

एका नदीकाठी तीर्थाचं गाव होतं. तिथे आवडाबाई राहायची. नवरा देवाघरी गेलेला, पोटी मूलबाळ नाही. घरात बोलायचं तर चुलीशी.

तिनं चातुर्मासात अतिथीव्रत धरलं होतं. सोमवारी उपास करायचा, सूर्य मावळायच्या आत बाहेरगावच्या पाहुण्याला जेवू घालायचं, मगच आपण घास घ्यायचा. पुण्यासाठी धरलं होतं खरं. पण आपल्या पानासमोर दुसरं पान मांडायला मिळतं, याचंच तिला अप्रूप होतं.

त्याच सुमाराला घाटावर एक चोर आला. मोठा धूर्त! यात्रेकरू पाण्यात उभा राहून सूर्याला अर्घ्य देई, क्षणभर डोळे मिटी, आणि नेमकं तेव्हाच पायरीवरचं गाठोडं नाहीसं होई. एकट्यानं आलेला माणूस तर त्याला बरोबर सापडे.

कोतवालानं शिपाई वाढवले. काठ्या आपटत ते घाटभर ओरडू लागले, "डोळे मिटू नका! गाठोड्याकडे बघा!"

एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अहो शिपाईदादा, देवाकडे बघू की धोतराकडे?"

चोर काही सापडेना. यात्रेकरू मात्र रोडावले. जे येत, ते गावकऱ्यांकडेही संशयानं बघत. आवडाबाई वेशीत उभी राहून म्हणे, "दादा, चार घास खाऊन जा हो." दादा गाठोडं छातीशी धरून भराभरा पुढे जाई. कसाबसा एखादा पाहुणा मिळे, तोही दाराकडे बघत जेवे.

शेवटचा सोमवार आला. आज पाहुणा आला नाही, तर सगळं व्रत फुकट जाणार होतं. आवडाबाईनं पुरण शिजवलं आणि वेशीत जाऊन उभी राहिली. ऊन कललं, तरी कुणी थांबेना. शेवटी ती घाटावर गेली.

तिथे एक परगावची बाई एकटीच उभी होती. पाण्यात उतरायची, शिपाई ओरडला की परत वर यायची. डोळे भरून आलेले.

आवडाबाई तिला जेवायला बोलवायला गेली होती, पण तो चेहरा बघून ते बोलावणं बाजूलाच राहिलं. ती त्या बाईच्या गाठोड्याशेजारी पायरीवर बसली.

"जा बाई तुम्ही पाण्यात. मी बसते इथे."

"तुम्ही कोण?"

"इथलीच आहे. तुमच्यासारखीच एकटी. खुशाल डोळे मिटा, माझे उघडे आहेत."

बाई थोडी घुटमळली, मग उतरली. तिनं डोळे मिटले, ते किती तरी वेळ उघडलेच नाहीत. सूर्य खाली चालला होता. आता दुसरा पाहुणा शोधायला वेळ उरणार नाही, हे आवडाबाईला दिसत होतं. पण शब्द दिला होता. ती उठली नाही.

तेवढ्यात कपाळाला गंध लावलेला एक माणूस आला. "मावशी, ही माझी बहीण. द्या ते गाठोडं, धर्मशाळेत ठेवतो."

"हो का? मग हाक मार की तिला. नावानं मार."

"अगं ए ताई..."

"नाव, बाबा, नाव!"

त्यानं गाठोड्याला हात घातला. आवडाबाई त्यावर आडवी पडली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की शिपाई धावत आले. चोर धरला गेला.

बाई वर आली तेव्हा सूर्य बुडाला होता. आवडाबाईचे डोळे पाझरू लागले. "वेळ टळली हो माझ्या व्रताची."

"तुमच्या व्रताचं मला कळत नाही," बाई म्हणाली, "पण मी सकाळपासून उपाशी आहे. घरी न्याल का?"

त्या दिवशी दोघी समोरासमोर जेवल्या. आवडाबाई पुढे कितीतरी दिवस सांगत राहिली, की माझं व्रत मोडलं. पण कोतवालानं घाटावरचा आरडाओरडा बंद केला. एकट्या यात्रेकरूच्या गाठोड्याजवळ बसायची पाळी घराघरानं वाटून घेतली. आणि त्यानंतर आवडाबाईचा एकही सोमवार पाहुण्यावाचून गेला नाही.

तात्पर्य : जो परक्याला निर्धास्त डोळे मिटू देतो, त्याचं व्रत देव स्वतः पुरं करतो.