भिवराईचा भुईचाफा

मंडळी, आपल्या पणज्या परकरात बागडत होत्या, त्याच्याही फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंभेरी नावाचं गाव होतं. कारवीच्या कुडाची, गवतानं शाकारलेली घरं. तिथे भिवरा गुरवीण एकटी राहायची. देवीला फुलं पुरवणं हे तिचं काम आणि भुईचाफा हा तिचा जीव.

भुईचाफ्याचं असं, की पावसाळा सरला की पानं झडतात आणि कंद मातीखाली निजतो. वैशाखात आधी फूल येतं, थेट भुईतून, पांढरं-जांभळं. पान मागाहून. गावात नवी सून आली की भिवरा तिच्या उंबऱ्यालगत एक कंद पुरायची. म्हणायची, "दोघी मिळून रुजा गं." लोक हसायचे. हसण्यासारखंच म्हणा, निम्मं वर्ष जे दिसतच नाही, त्याला बाजारात दमडी कोण देणार? तरी ती देत गेली. शेवटचा कंद राही नावाच्या सुनेला दिला, तेव्हा तिच्या स्वतःच्या दारात एकही उरला नव्हता.

एका चैत्रात डोंगरावरून वणवा उतरला. माणसं-गुरं नदीत पळाली म्हणून वाचली. घरांची राख झाली. राख निवल्यावर कळेना, कुणाचं घर कुठे होतं.

"हा माझा उंबरा!"

"तुझा कसा? इथं माझी चूल होती!"

सख्ख्या भावांनी काठ्या उचलल्या. धोंडजी पाटलानं कपाळाला हात लावला. "जागेपायी मुडदे पडण्यापेक्षा गाव मोडलेलं बरं. वैशाखी पुनवेला देवी उचलू. मग ज्यानं त्यानं आपली वाट धरावी."

देवी हलली की गाव संपलं. भिवरा पुढे आली. या साऱ्या सुना तिनंच तर रुजवल्या होत्या.

"पाटील, तोवर राखेला कुणी हात लावू नका, एवढंच मागते."

"का? राखेतून घरं उगवणारेत?" राहीचा सासरा खेकसला.

"घरं नाही हो भाऊ. दारं उगवतील."

म्हातारीला वेड लागलं, असंच सगळ्यांना वाटलं. ती नदीवरून पाणी आणायची आणि राखेवर शिंपडायची. मग राहीनं मुकाट्यानं दुसरी घागर उचलली. असं म्हणतात, भिवराच्या घागरीतलं पाणी संपतच नसे, आणि तिचं पाऊल पडेल तिथली भुई गार होत जाई.

पुनवेच्या पहाटे देवीच्या पालखीला खांदे लागले, आणि कुठूनसा वास आला. सगळे वळले. काळ्या राखेतून भुईचाफा उमलला होता. जिथे उंबरा, तिथे झुबका. फुलांवरून दारं दिसली, दारांवरून आळी दिसली, आळीवरून शेजार. राही आपल्या फुलांपाशी बसून हमसाहमशी रडली. भावांच्या हातांतल्या काठ्या गळाल्या. पाटलानं पालखी खाली ठेवली.

"भिवराई, तुझं दार कुठंय गं?" त्यानं विचारलं.

भिवरानं पाहिलं. तिच्या जागी नुसती राख होती.

"एवढी दारं दिसतायत, पाटील. माझं वेगळं कशाला शोधता?"

तिनं पुन्हा घर बांधलं नाही. रोज संध्याकाळी एका घरी जेवायची. एका वैशाखात ती अशीच जेवायला निघाली, ती पुन्हा दिसली नाही. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी शोध घेतला, तर जो तो शपथेवर सांगे, काल भिवराई आमच्याकडे जेवली.

कुंभेरीत अजून नवी सून आधी उंबऱ्यालगत कंद पुरते, मग माप ओलांडते. आणि वैशाखी पुनवेला एकही दार लागत नाही. दारापाशी पाट मांडून ताट वाढतात, आणि घरची बाई फुलांकडे बघून हाक मारते, "भिवराई, ये गं, हे तुझंच दार."

मगच घरातले घास उचलतात.