फाल्गुनातला वानवळा

फार पूर्वी एक गाव होतं, पाटाच्या पाण्यावर जगणारं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. तिथून निघालेला पाट एकामागून एक सगळ्या शेतांना पाणी पाजत गावाच्या शेवटापर्यंत जाई. कुणाला कधी आणि किती पाणी द्यायचं, हे बघायला गावानं एक पाटकरी नेमला होता.

पाटकऱ्याकडे पाण्यानं भरलेलं एक घंगाळ होतं आणि तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. वाटी घंगाळात सोडायची आणि शेताचं पाटावरचं दार उघडायचं. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की दार बंद, पाणी पुढच्या शेताला. शेत कुणाचंही असो, वाटी एकच. पाटकरी सरळ माणूस होता. वीस वर्षांत त्या वाटीवरून गावात एकदाही भांडण झालं नव्हतं.

या गावाला वानवळ्याची फार हौस. शेतात पीक निघालं की त्यातला थोडा वाटा आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायचा, तो वानवळा. कुणाकडून हरभऱ्याची जुडी यायची, कुणाकडून चार कणसं, कुणाकडून नुसता मिरच्यांचा ओंजळभर तोडा. वानवळा नको म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाला दारातून हाकलून देणं, असं सगळे मानत. मोठी गोड रीत होती. तिचं पुढे काय झालं ते सांगताना मला अजून वाईट वाटतं.

पाटाच्या अगदी शेपटाला एका माळणीचा लहानसा तुकडा होता. त्यात ती फक्त वांगी लावायची आणि त्यातली चांगली चांगली वांगी ना खायची, ना विकायची. झाडावरच पिवळी पडेपर्यंत राखायची आणि त्यांचं बी धरायची. अक्षय्य तृतीयेला गावातल्या प्रत्येक घराला पळसाच्या पानात बांधलेली बियांची एक पुडी मिळे. तोच तिचा वानवळा. त्या वांग्यांचं भरीत असं व्हायचं की पाहुणे भाकरी संपली तरी पानावरून उठत नसत. माळीण आहे म्हटल्यावर आपापलं बी ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही.

एका वर्षी पाऊस कमी झाला. फाल्गुन आला तोवर पाट अगदी बारीक झाला. एके सकाळी गावातला मोठा ऊसवाला गुळाची ढेप घेऊन पाटकऱ्याच्या दारात आला.

"हे काय?" पाटकऱ्यानं विचारलं.

"वानवळा."

"अहो, तुमचा ऊस तर अजून उभाच आहे."

"म्हणून काय झालं? निघाल्यावर द्यायचा तो आज दिला. नाहीतरी आज आमची पाण्याची पाळी. येणारच होतो इकडं."

पाटकऱ्याला कुठेतरी टोचलं. पण वानवळा परत कसा करायचा? ढेप घरात गेली. त्या दिवशी उसाची वाटी बुडाली तेव्हा पाटकऱ्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, ती बाहेर काढली, आणि दार बंद न करता पुन्हा घंगाळात सोडली.

अशी गोष्ट गावात लपून राहते होय? पुढच्या पाळीला गव्हाचं पोतं आलं, त्याच्या पुढच्या पाळीला तुपाची बरणी. सगळं पाळीच्या तोंडावर आणि सगळं वानवळा म्हणून.

"अहो, सुगीला अजून वेळ आहे," पाटकऱ्याची बायको म्हणाली, "मग आपल्याकडे एवढा वानवळा कसा?"

"लोकांची माया आहे," तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तूप चांगलं होतं.

पाणी मात्र तेवढंच होतं. वरच्या शेतांना दोन दोन वाट्या मिळू लागल्या आणि शेपटाच्या तुकड्यापर्यंत नुसती ओल पोचू लागली. माळीण पाटकऱ्याकडे आली.

"दादा, माझ्या पाळीला पाट कोरडा होता. वांग्यात बी भरायचे हेच दिवस आहेत."

"यंदा पाणीच कमी आहे, बाई. बघू पुढच्या पाळीला."

शेजारणीनं तिला युक्ती सांगितली. "अगं, चार वांगी नेऊन दे की त्याला. सगळेच देतात."

माळीण शेतात गेली. एक एक वांगं हातात धरून पाहिलं. बियाचं म्हणून प्रत्येकाच्या देठाला तिनं दोरा बांधला होता. मग ती तशीच रिकाम्या हातानं परत आली. "ती माझी नाहीत," ती शेजारणीला म्हणाली, "गावाची आहेत." आणि सरळ चावडीवर गेली.

चावडीवर सगळे जमले होते. पाटकरीही होता. माळीण म्हणाली, "ऊस उभा असताना आलेला गूळ वानवळा नसतो. दुसऱ्याचं पाणी आपल्याकडे वळवून घ्यायला जे देतात, त्याला लाच म्हणतात."

लाच हा शब्द त्या गावानं ऐकला होता, पण तो दूरच्या शहरातला, राजाच्या कचेरीतला. आपल्या गावात, आपल्या माणसाला तो कुणी लावावा? एकच गलका उठला. केवढा घाण शब्द! बाईच्या जातीनं असं बोलावं? बिचाऱ्या पाटकऱ्याची अब्रू ती काय राहिली? शेपटाचं पाणी कुठे गेलं, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

"शब्द मागे घे, बाई," गावचा म्होरक्या म्हणाला.

पाटकरी मान खाली घालून बसला होता. "बाई खरं बोलतेय," एवढंच त्याला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. त्यानं आपल्या वहाणेच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. रागात बोलली असेल. मी मनावर घेत नाही." गावानं त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

मग माळीण म्हणाली, "घेतला शब्द मागे. आता पाणी द्या."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी तिच्यासाठी गूळपाणी आणलं. तिनं ते घेतलं नाही.

पुढच्या पाळीला तिला पुरी वाटी द्यायची, असं पाटकऱ्यानं खरोखर ठरवलं होतं. पण त्यासाठी वरची दारं वेळेवर बंद करायला हवी होती. ज्यांचा गूळ खाल्ला, ज्यांचं तूप खाल्लं, त्यांना दार बंद करा म्हणायला त्याची जीभ उचलेना. माळणीच्या पाळीला घंगाळातली वाटी अगदी बरोबर बुडाली. फक्त पाटात पाणी नव्हतं.

अक्षय्य तृतीया आली. गाव पळसाची पानं घेऊन माळणीच्या दारात जमलं. तिनं बियांचं मडकं बाहेर आणलं आणि पाटकऱ्याला म्हणाली, "दादा, तुमचं घंगाळ आणा."

घंगाळ आलं. तिनं सगळं बी त्यात ओतलं. भरलेलं बी बुडतं आणि पोचट बी तरंगतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं वाकून बघत राहिली. पाटकऱ्यानं बोटानं पाणी ढवळलं. बी गोल फिरलं, थोडं खाली गेल्यासारखं वाटलं आणि पुन्हा सगळंच्या सगळं वर आलं.

मग पाटकरीच बोलला. "ती लाच होती. मी घेतली. बाई खरं बोलत होती."

या वेळी शब्द मागे घे, असं त्याला कुणीच म्हणालं नाही.

माळीण रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं पाटकऱ्याला पुढे जन्मभर वाटत राहिलं. ती म्हणाली, "दादा, हेच फाल्गुनात म्हणाला असतात तर बी वाचलं असतं."

गावानं लांबच्या बाजारातून बी आणलं. वांगी आली, रंगानं चांगली जांभळी आली, पण चवीला पाणचट. माळणीला पुरी वाटी मिळू लागली आणि ती त्याच वांग्यांचं बी धरू लागली. जुनं वांगं मात्र गेलं ते गेलंच. म्हातारी माणसं भरताचा पहिला घास घेत आणि भाकरी संपली की लगेच पानावरून उठत.

आणि वानवळा? तो अजून येतो. पण कुणी टोपली घेऊन दारात आलं की घरातलं माणूस आधी त्याच्या शेताकडे नजर टाकतं, पीक निघालंय की उभं आहे ते बघायला. मगच हात पुढे करतं. पूर्वी या गावात असं कुणी बघत नसे.

तात्पर्य एवढंच: लाचेला गोड नाव दिलं की ती थांबवायचं धैर्य जातं आणि ते गोड नावही कायमचं नासतं.