तांडेलांच्या इंजिनाचा ताप

खाडीच्या तोंडावरच्या एका गावात पुंडा नावाचा एक भोळा खलाशी होता. भोळा, पण कामचुकार नव्हे. सांगितलं तेवढं करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. गावातले लोक म्हणायचे, असा आज्ञाधारक माणूस शोधून सापडायचा नाही. कामावर मात्र त्याला कोणी घेत नव्हतं.

शेवटी त्याचे सख्खे मामा भिकाजी तांडेल यांनी त्याला आपल्या मासेमारीच्या मचव्यावर घेतलं. बहिणीचा मुलगा, करतात काय! जाळं ओढ म्हटलं की पुंडा ओढायचा, सोड म्हटलं की सोडायचा. बरं चाललं होतं.

मग मचव्याचं इंजिन सांभाळणारे इब्राहिमचाचा मोतीबिंदू काढायला शहरात गेले. जाताना म्हणाले, "पुंडा, इंजिनाच्या धुराकडे लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी मचवा समुद्रात गेला. पुंडा मागच्या टोकाला धुराच्या नळीसमोर मांडी घालून बसला. सकाळभर हलला नाही. धूर आधी विरळ होता. मग पांढराशुभ्र झाला. पुंडा बघत होता. इंजिनाची घरघर जड झाली, खालून जळका वास यायला लागला. पुंडा बघत होता.

तांडेल धावत आले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. इंजिन गार ठेवणारं पाणी ज्या नळीतून आत येतं, तिच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती त्यांनी ओढून काढली.

"अरे, इंजिन भट्टीसारखं तापलंय! तुझं लक्ष कुठे होतं?"

"धुराकडे."

"मग धूर बदललेला दिसला नाही?"

"दिसला ना. पांढरा झाला. छान दिसत होता."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"चाचा लक्ष ठेव म्हणाले. सांग कुठे म्हणाले?"

तांडेलांनी कपाळावर हात मारला. "आता नीट ऐक. धुराचं राहू दे. इंजिन तापलं, की आधी पाणी बघायचं. कळलं?"

"कळलं मामा. तापलं, की पाणी बघायचं."

त्याच आठवड्यात तांडेलांच्या शालनचा साखरपुडा होता. मुलगा खाडीपलीकडचा, दिगंबर कोयंडे. शालनला तो पसंत होता आणि त्याला शालन. अडचण एकच होती, मुलाचे वडील आबाजी. माणूस फार रागीट. मुलाच्या आधीच्या दोन सोयरिकी त्यांनी मोडल्या होत्या. एक चहा गार होता म्हणून, आणि दुसरी चहा फार गरम होता म्हणून.

पाहुण्यांना मचव्यातून आणायचं ठरलं होतं. शालन वडिलांना म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस पुंडादादाला घरी ठेवा ना."

"मग इंजिनाकडे कोण बघणार?" तांडेल म्हणाले.

मचवा निघाला. खाडीच्या मध्यावर इंजिन पुन्हा तापलं. पुंडा या वेळी सावध होता. तो लगेच वर आला आणि कठड्याला टेकून पाणी बघायला लागला. बराच वेळ बघितलं. शेवटी इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

"पुंडा! पाणी बघितलंस का?"

"बघितलं मामा. भरपूर आहे. भरती चालू आहे."

तांडेल खाली गेले, पुंडालाही खाली बोलावलं. "हे बघ," ते म्हणाले, "पाणी बघायचं म्हणजे ह्या टाकीतलं. आधी बंद करायचं. जरा दम खाऊ द्यायचा. मग टोपण काढायचं आणि वरून पाणी ओतायचं. कोणत्या क्रमाने?"

"बंद करायचं. दम खाऊ द्यायचा. टोपण काढायचं. पाणी ओतायचं."

"शाबास," तांडेल म्हणाले. आजवर पुंडाला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. त्याने ती चारही वाक्यं तोंडपाठ केली.

हे सगळं होईपर्यंत उशीर झाला. पलीकडच्या धक्क्यावर आबाजी कोयंडे भर उन्हात उभे होते. अंगात कोट, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. मचवा लागताच त्यांनी तोंड सोडलं.

"ही काय वेळ झाली? माणसं आहोत का सुकत घातलेले बोंबील? पाहुण्यांना असं ताटकळत ठेवतात तुमच्याकडे?"

तांडेल घाबरून पुटपुटले, "मेलो! व्याही तापले."

पुंडाने ते ऐकलं. तो पुढे झाला आणि आबाजींच्या तोंडावर हात दाबून ते बंद केलं. आबाजी धडपडले. पुंडाने त्यांना नीट दम खाऊ दिला. मग त्यांची टोपी काढून अदबीने बाजूला ठेवली आणि खाडीच्या पाण्याची बादली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

मागे उभ्या असलेल्या दिगंबरने घाईघाईने रुमाल तोंडाला लावला. तो हसू दाबत होता की काळजी करत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

तांडेलांनी व्याह्यांचे पाय धरले. भाचा भोळा आहे, पदरात घ्या, असं म्हणाले. दिगंबरने समजूत घातली. आबाजी दात खात, निथळत मचव्यात चढले. बोलले एवढंच, "आता आणखी एक काही झालं, की सोयरीक मोडली."

तांडेलांनी पुंडाला कोपऱ्यात ओढलं. "गाढवा, तापलेल्यावर पाणी ओततात का? हात जोडायचे. चुकलं म्हणायचं. तोंड गोड करायचं. तेव्हा कुठे राग शांत होतो!"

"मघाशी तर तुम्ही—"

"मघाशीचं विसर!"

पुंडा विसरला. तेवढं त्याला चांगलं जमायचं.

मचवा परत निघाला. अर्ध्या वाटेत पुंडाला इंजिन तापल्यासारखं वाटलं. त्याने इंजिनापुढे हात जोडले. "चुकलं आमचं," तो म्हणाला, "पदरात घ्या." इंजिन धडधडतच राहिलं. मग तो वर गेला, साखरपुड्याच्या पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि इंजिनाचं तोंड शोधायला लागला. जिथून ते हवा आत ओढतं तिथे त्याला तोंड सापडलं. त्याने एक पेढा दिला. इंजिनाने तो लगेच घेतला. पुंडाला समाधान वाटलं. पाहुणचारात कमी नको म्हणून त्याने सगळा पुडा भरवला.

मागच्या नळीतून काळाकुट्ट धूर उसळला. वारा समोरून नव्हता, मागून होता. आबाजींचा कोट वाळत आला होता, तो काळा झाला. आबाजीही झाले.

तांडेल सुकाणू सोडू शकत नव्हते. गाव समोर दिसत होतं. धक्क्यावर शालन आणि शेजारपाजारच्या बायका ओवाळायला उभ्या होत्या. तांडेल तिथूनच ओरडले, "पुंडा, इंजिनाचा श्वास कोंडलाय! काय कोंबलंस ते काढ! वाट मोकळी कर! जे बंद दिसेल ते उघड!"

"जे बंद दिसेल ते?"

"हो रे बाबा, हो! लवकर!"

पुंडाने पेढे उकरून काढले. धूर कमी झाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. हत्यारांची पेटी बंद होती, ती उघडली. चहाच्या डब्याचं झाकण बंद होतं, तेही उघडलं. मचव्याच्या अगदी तळाशी एक लाकडी बूच ठोकलेलं होतं. मचवा किनाऱ्यावर ओढला, की आत साचलेलं पाणी सोडायला ते काढतात. इतकं घट्ट बंद दुसरं काहीच नव्हतं. पुंडाने हातोडी घेतली.

थोड्या वेळाने तो घाम पुसत वर आला. "मामा, सगळं उघडलं. इंजिनाला पाणी पण भरपूर मिळतंय. कमरेपर्यंत आलंय."

धक्का हाकेच्या अंतरावर होता, पण मचवा तिथवर पोचला नाही. आधी वाकला, मग हळूच खाली बसला. नशीब, तिथे वाळूचा उथळा होता. पाहुणे छातीभर पाण्यात उभे राहिले. आबाजी एका हाताने टोपी सांभाळत होते. त्यांनी तोंड उघडलं. सोयरीक आता मोडणार हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात शालनने नव्या लुगड्याचा काष्टा खोवला आणि पाण्यात उतरली. सरळ आबाजींपाशी गेली. हात धरून म्हणाली, "चला मामंजी. घरी चहा ठेवलाय. गार हवा की गरम, ते तुम्ही सांगाल तसा."

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. दिगंबर पाण्यात उभा राहून इतका हसत होता, की त्याला दुसऱ्यांनी धरावं लागलं होतं. आबाजींच्या काळ्या मिशांखालून आधी पाणी आणि मग हसू बाहेर पडलं. "गरम," ते म्हणाले. "फार गरम."

सोयरीक टिकली. तांडेलांचा जीव भांड्यात पडला. आता मचवा तेवढा वाचवायचा होता. पुंडा पाहुण्यांना घरी पोचवून धक्क्यावर परत आला, तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि न रागावता समजावलं, "हे बघ बाळा, अजून काही बिघडलेलं नाही. ओहोटी लागली, की पाणी आपोआप उतरेल. मग भोक बंद करू. पुढच्या भरतीला मचवा आपला आपण तरंगेल. आण ते बूच."

"ते कसं आणू?" पुंडा म्हणाला. "पुन्हा कोणी वाट बंद करू नये, म्हणून मी ते फोडून घरच्या चुलीत घातलं. तुमच्या व्याह्यांचा चहा त्यावरच होतोय."