ढगाळ सकाळची सुकेळी

"मग अजून किती मागायचं, टीचर?"

रेजिनाने फाटकातूनच विचारले. घरापासून हाच प्रश्न मनात घोळवत ती आली होती.

"फाटक लाव आधी. कोंबड्या आत शिरतील."

नातालीन टीचरांनी मान वर केली नाही. त्या अंगणात बसून चटईवर सोललेली केळी मांडत होत्या. वसईच्या त्या आळीत थंडी सुरू झाली की सुकेळी करतात. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी गोळा करून घरात न्यायची. सकाळी पुन्हा मांडायची. ती काळपट, चिवट आणि मधासारखी गोड होईपर्यंत हेच चालते.

टीचरांनी आळीतल्या आयांना प्रार्थना शिकवल्या होत्या आणि मग त्यांच्या मुलांनाही. रेजिना त्या मुलांतली सगळ्यात हुशार. संतांच्या नावांची लांबलचक लितानी तिला पुस्तक न बघता म्हणता येत असे आणि आपल्याला येते हे ती विसरतही नसे.

तिने फाटक लावले.

"कोणाकडे मागतेस?" टीचरांनी विचारले.

"देवाकडे. पप्पांचा आवाज."

हे साऱ्या आळीला ठाऊक होते. रेजिनाचे वडील पास्कल रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या क्रूसापाशी उभे राहून रोझरीची प्रार्थना सांगत. गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढे पाय सावरला, काठी घेऊन ते घरात फिरू लागले. हात मात्र लोंबतच राहिला आणि तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हापासून क्रूसापाशी रेजिना रोझरी सांगत होती.

"आज संध्याकाळपासून मी येणार नाही," ती म्हणाली. "तेवढंच सांगायला आले. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा."

"बरं."

रेजिनाला वाटले होते, टीचर समजूत घालतील.

"चपला काढ आणि बस," टीचर म्हणाल्या. "ती टोपली ओढ इकडे."

तिने टोपली ओढली.

"नऊ दिवसांची एक नोव्हेना संपली की लगेच दुसरी धरली, टीचर. एक दिवस चुकले नाही. तापात होते तेव्हासुद्धा गेले."

"हजेरी लागली असेल तुझी वर."

"थट्टा करू नका."

"बरं, नाही करत."

"तुम्हीच शिकवलंत. मागा, म्हणजे मिळेल. ठोठावत राहा, दार उघडेल."

"शिकवलं खरं."

"मग...?"

टीचरांनी एक केळे उचलून दुसऱ्यापासून जरा दूर ठेवले. रेजिनाने वर पाहिले. आभाळ राखाडी होते. नारळाच्या झावळ्यांआड कुठेही उजेडाचा पत्ता नव्हता.

"टीचर, आज ऊन नाही."

"दिसतंय मला. चष्मा आहे."

"मग मांडता कशाला?"

"सकाळ झाली म्हणून."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चहा ठेवते. तू कालची मांड. कावळ्यांकडे लक्ष ठेव. तुझे पप्पा क्रूसापाशी गायला लागले की इथले कावळे उडायचे. आता मला काठी घेऊन बसावं लागतं."

रेजिनाला हसू आले. ती मांडू लागली. काही केळी अजून मऊ होती, काही आक्रसू लागली होती. तिने एक दाबून पाहिले. मग दुसरे. मग तिसरे.

टीचर चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि चटईवर वाकल्या.

"ही कोणी दाबली?"

"सुकली का, ते बघत होते."

"सगळी?"

"...हो."

"बोट रुतलं की आतला रस वर येतो. त्यावर माशी बसते. मग ते केळं सुकत नाही, आंबतं."

त्यांनी खळगे पडलेली केळी वेगळी काढली. रागावल्या नाहीत. रेजिना आपल्या चिकट बोटांकडे पाहत राहिली.

टीचर पुढची ओळ मांडू लागल्या.

"नोव्हेना संपते त्या दिवशी मी पप्पांसमोर जाऊन बसते," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणते, पप्पा, माझं नाव घ्या. एकदाच."

"मग?"

"ते तोंड हलवतात. काही येत नाही. मग भिंतीकडे वळतात."

टीचरांनी हातातले केळे खाली ठेवले.

"परवा मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, तुम्ही प्रयत्नच करत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं..." तिने ओढणीने नाक पुसले. "म्हणून नाही जायचं मला. मी तिथे उभी राहून गोड आवाजात प्रार्थना सांगते आणि घरी येऊन ही अशी वागते."

चहावर साय धरली. एक कावळा कौलावर येऊन बसला. टीचरांनी काठी नुसती उचलली, तो उडाला.

"केळी सुकवतं कोण, बाय?"

"ऊन."

"आणि आपण?"

"आपण..." रेजिना थांबली. "मांडतो. उलटतो. आत नेतो. पुन्हा मांडतो."

टीचरांनी मान डोलावली. त्यांनी कप तिच्या हातात दिला. तिने साय बाजूला करून एक घोट घेतला.

"तू क्रूसापाशी रोझरी सांगत असतेस, तेव्हा पास्कल काय करतो?"

"काही नाही. खिडकीत बसतात. तिथून क्रूस दिसतो."

"नुसता बसतो?"

"माझ्याबरोबर रोझरीची माळ धरतात. मी मणी पुढे सरकवला की तेही सरकवतात. परत येताना मी बघते ना खिडकीत, शेवटचे मणी चालू असतात त्यांचे."

"कुठल्या हाताने?"

"उज..."

रेजिनाचा कप तसाच राहिला.

तिला खिडकी दिसली. खिडकीच्या गजावर टेकलेली काठी दिसली. काठी धरायचा त्यांचा डावा हात होता, तो काठीवरच होता. रोझरी दुसऱ्या हातात होती. आई जो हात सकाळी उचलून उशीवर ठेवायची, त्या हातात. अंगठा मण्यावर येत होता, थांबत होता, पुढे जात होता. काल होता. परवा होता. त्याच्या आधी कधीपासून... ते तिला आठवेना. ती नेहमी त्यांच्या तोंडाकडे बघत आली होती.

ती ताडकन उठली. चहा अंगणात सांडला.

"कुठे निघालीस?"

"घरी. एकदा त्यांना हात उचलून दाखवायला सांगते, मूठ वळते का ते..."

टीचरांनी खळगे पडलेली केळी तिच्यासमोर सरकवली.

रेजिना उभीच राहिली. फाटकाकडे पाहिले. एक पाऊल टाकले आणि थांबली. मग सावकाश परत फिरून चटईपाशी बसली.

टोपलीत अजून बरीच केळी होती. ती एकेक उचलून ठेवू लागली, दोन्ही टोकांना धरून, मध्ये बोट न लावता. हे सोपे नव्हते. बोटे आपोआप वळत होती. ती पुन्हा सरळ करत होती. आभाळ होते तसेच राखाडी होते. तिने चटईची सुरकुती काढली, पुढची ओळ धरली, ती संपवली.

टोपली रिकामी झाली तेव्हा तिने विचारले, "आणि ऊन आलंच नाही तर, टीचर?"

टीचर आत जाऊन दुसरी टोपली घेऊन आल्या. त्यांनी ती तिच्यासमोर ठेवली. रेजिनाने पुन्हा विचारले नाही. तीही टोपली तिने मांडून संपवली.

मग हात धुतले, चपला घातल्या, फाटक उघडले.

"संध्याकाळी क्रूसापाशी दुसऱ्या कोणाला बोलावू नका," ती म्हणाली. "मी येते."

टीचरांनी आभाळाकडे पाहिले.

"उद्या सकाळी लवकर ये. उद्याही ढगच आहेत."